एका पदराचं छप्पर

शिकागोच्या ओ'हेअर विमानतळाकडे विमान उतरू लागलं की खाली एल्क ग्रोव्ह व्हिलेजची औद्योगिक वसाहत दिसते. गोदामं, लहान-मोठे कारखाने, ट्रकांचे तळ, आणि त्या सगळ्यांवर एकराएकरांची सपाट छपरं. काही काळी, काही गोट्यांनी झाकलेली करडी, बरीचशी पांढरी. खिडकीतून पाहणाऱ्याला ती कोरी वाटतात. पण ऊन तिरपं असलं आणि विमान पुरेसं खाली आलेलं असलं, तर त्या पांढऱ्यावर समांतर रेघा उमटतात. मधल्या भागात त्या दूर दूर असतात, कडेला जवळ येतात आणि कोपऱ्यात दोन दिशांनी येऊन दाटी करतात. या रेघा वाचता आल्या की त्या इमारतीवरून वारा कसा जातो ते कळतं, पाणी कुठे जातं ते कळतं, आणि काम करणाऱ्या टोळीला आपल्या कामाची किती चाड होती तेही बऱ्यापैकी कळतं.

या छपराला सिंगल-प्लाय म्हणतात. आपण एकपदरी म्हणू. पाणी अडवणारा पदर एकच, आणि त्याची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. त्याखाली फोमचे बोर्ड, त्याखाली पन्हाळीचा पोलादी पत्रा, आणि पत्र्याखाली थेट दुकान, शाळेचा वर्ग किंवा इस्पितळातला वॉर्ड. इलिनॉयमध्ये छपरांची तपासणी करण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली आणि त्या काळात या छपरांचा मला लळा लागला. अनेकांना ते गुंडाळी सोडून पसरलेलं प्लॅस्टिक वाटतं. जुने डांबरवाले कारागीर तर त्याला कारागिरी म्हणायलाच तयार नसत. मला मात्र चांगल्या एकपदरी छपरात जी कसोटीची कारागिरी दिसते, ती आजच्या बांधकामात फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

आधीची सपाट छपरं डांबराची असत. खाली भट्टी पेटवून डांबर वितळवायचं, वर चढवायचं, लांब दांड्याच्या पोछ्याने पसरायचं, त्यावर फेल्ट अंथरायचं; पुन्हा डांबर, पुन्हा फेल्ट. असे तीन ते पाच थर आणि शेवटी वर खडी. काम अवजड आणि अंग भाजून काढणारं, पण त्यात एक मोठा दिलासा होता: एका थरातली चूक वरचा थर पोटात घेत असे. 1973 च्या तेलसंकटाने डांबराचे भाव चढले, त्याच्या दर्जाबद्दलही कुरकुर सुरू झाली, आणि 1960 च्या दशकापासून बाजारात असलेल्या ईपीडीएम या कृत्रिम रबराला एकदम मागणी आली. 50 फुटांपर्यंत रुंद अशा काळ्या चादरी छपरावर मोकळ्या पसरायच्या आणि उडू नयेत म्हणून त्यांच्यावर नदीतले गोल गोटे टाकायचे, चौरस मीटरला सुमारे 50 किलो. चादरींचे जोड गोंदाने, पुढे चिकटपट्टीने. त्या काळातले गोंद पुष्कळदा सुटले, आणि नव्या छपराचं खरं दुखणं जोडात आहे हे सगळ्यांच्या ध्यानात आलं.

युरोपात तोवर वेगळा रस्ता तयार झाला होता. पीव्हीसीची चादर गरम हवेने मऊ करून दुसऱ्या चादरीवर दाबली की दोघी एकजीव होतात. गोंद लागतच नाही. स्वित्झर्लंडमधल्या ओब्वाल्डेन परगण्यातलं सार्नेन हे तळ्याकाठचं लहान गाव या इतिहासात ठळक आहे. सार्नाफिल हे पीव्हीसीचं मेंब्रेन, म्हणजे चादर, तिथलं. त्याची मूळ कंपनी 2005 मध्ये सिका या कंपनीने घेतली; सिकाचं नाव आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानातल्या वॉटरप्रूफिंगच्या डब्यांवर दिसतं. आणि जगभर छपरांवर चालणारी लायस्टरची वेल्डिंग यंत्रंही सार्नेनच्याच केगिस्विल भागात बनतात. चादर आणि ती जोडणारं यंत्र एकाच गावातून यावं, याचा मला मनापासून आनंद होतो.

पीव्हीसीनेही धडा शिकवला. 1980 च्या दशकात अमेरिकेत जाळी नसलेल्या पीव्हीसीची काही छपरं कडाक्याच्या थंडीत फुटली. त्यातलं मऊपणा राखणारं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू निघून गेलं होतं, चादर आक्रसून ताणली गेली होती. एका रात्री पारा घसरला, कुठेतरी एक चीर पडली आणि ती बघता बघता छपरभर धावली. त्यानंतर चादरीच्या पोटात पॉलिएस्टरची जाळी असणं सक्तीचंच झालं म्हणा. 1990 च्या दशकात टीपीओ आलं: पॉलिप्रॉपिलीनच्या कुळातलं, वेल्ड होणारं, मऊपणासाठी वेगळं द्रव्य न लागणारं आणि स्वस्त. सुरुवातीला त्याच्या मिश्रणात बरेच फेरफार झाले, उन्हात काही चादरी अकाली तडकल्याही. आज अमेरिकेत व्यापारी इमारतींवर सर्वांत जास्त तेच बसतं, म्हणून रसग्रहणासाठीही मी टीपीओचंच छप्पर निवडतो.

शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात किराणा-भाजीचं मोठं दुकान. छप्पर एकरभराहून थोडं मोठं. जुनं डांबर काढून नवं पांढरं टीपीओ बसवायचं आणि खाली दुकान चालूच ठेवायचं. काढण्याच्या भागात मला फारसा रस नाही. एवढंच सांगतो की रात्री इन्फ्रारेड कॅमेऱ्यातून पाहिलं की भिजलेलं इन्सुलेशन दिवसाची ऊब धरून राहिल्यामुळे उजळ दिसतं, आणि तो भाग उपसून टाकल्याशिवाय पुढे जायचं नसतं.

खरा आरंभ उताराने होतो. पत्रा जवळजवळ सपाट असतो, तेव्हा उतार फोमच्या बोर्डांतून घडवावा लागतो. पॉलिआयसोचे हे बोर्ड कारखान्यातूनच निमुळते कापून येतात, फुटाला पाव इंच, म्हणजे शेकडा दोन. नकाशात प्रत्येक बोर्डाची जागा ठरलेली. दोन निचऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात पाणी रेंगाळू नये म्हणून तिथे पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचे बुटके उंचवटे घडवतात. एसीच्या मोठ्या यंत्रांच्या चढाकडच्या बाजूलाही तसेच, म्हणजे पाणी यंत्राच्या चौथऱ्याला धडकून थांबण्याऐवजी दोन्ही अंगांनी वळून जातं. चादर पडली की हे उंचवटे डोळ्यांना जाणवतही नाहीत. पाऊस पडून गेल्यावर ते दिसतात, कारण तिथलं छप्पर सर्वांत आधी कोरडं होतं. पाऊस थांबून 48 तास झाल्यावरही कुठे पाणी उभं असेल तर उतार चुकला, असा आमच्या धंद्यातला दंडक आहे. चांगल्या छपरावर सरीनंतरचा तासभर पाणी पाहत उभं राहावं. कुठेही अडखळत नाही, कुठेही घाई करत नाही, रुंद पातळ पापुद्र्याने सरकत निचऱ्याकडे जातं.

आता त्या रेघांकडे येऊ. टीपीओची गुंडाळी 10 फूट रुंद, 100 फूट लांब, वजन सव्वाशे किलोच्या वर. ती सोडली की थोडा वेळ तशीच पडू द्यायची, कारखान्यात गुंडाळताना आलेला ताण सुटेपर्यंत. मग एका काठाशी दातेरी प्लेटा आणि स्क्रूंची रांग. स्क्रू फोमच्या आरपार जाऊन पत्र्याच्या वरच्या पन्हाळीत बसला पाहिजे. दोन पन्हाळींच्या मधल्या खोलगटात गेला तर तो कशालाच धरत नाही. पुढची चादर या रांगेवर चढते, प्लेटा झाकते आणि त्यांच्या पलीकडे वेल्ड होते. म्हणजे विमानातून दिसणारी प्रत्येक रेघ हा एक जोड आहे आणि त्याच्या पोटात स्क्रूंची रांग आहे. ही रांग नेहमी पन्हाळीला काटकोनात टाकतात, म्हणजे वाऱ्याची ओढ एकाच पन्हाळीवर न येता अनेकींमध्ये वाटली जाते.

ओढ म्हटलं ते जाणूनबुजून. वारा छप्पर खाली दाबतो अशी आपली सहज कल्पना असते. प्रत्यक्षात तो ते वर खेचतो. भिंतीवर आदळलेला वारा वर चढतो, कडेवरून सुटतो आणि छपरावर कमी दाबाचा पट्टा मागे ठेवतो. तिरपा वारा असला की कोपऱ्याच्या दोन्ही कडांवरून दोन भोवरे सुटतात, आणि तिथली ओढ मधल्या भागाच्या दुपटीहूनही पुढे जाते. म्हणून कडेला 10 फुटांऐवजी निम्म्या रुंदीच्या चादरी लावतात आणि कोपऱ्यात आडव्या-उभ्या दोन्ही, म्हणजे स्क्रूंच्या रांगा जवळजवळ येतात. वाऱ्याचं गणित कागदावर कोष्टकांत मांडलेलं असतं. छपरावर ते जोडांच्या अंतरात उतरतं. दुसऱ्या कुठल्या बांधकामात वारा इतका नेमका रेखाटलेला मी पाहिलेला नाही.

स्क्रूवर धरलेल्या छपराची एक गोष्ट मात्र मला आवडत नाही. वादळी वाऱ्यात दोन रांगांमधली चादर फुगते आणि बसते, फुगते आणि बसते. शास्त्राने ते सुरक्षित आहे, हिशेबात धरलेलं आहे. तरी प्रत्येक फुगण्याबरोबर ओढ त्याच त्याच स्क्रूंवर येते. पैसे असतील तर पूर्ण चिकटवलेलं छप्पर बरं, असं माझं मत आहे. त्यावर जोड कमी उठून दिसतात, चादर बोर्डाला घट्ट बसते, वाऱ्यात छप्पर निश्चल राहतं. किराणा दुकानाच्या मालकाने स्क्रूंचं घेतलं, कारण दर चौरस फुटाचा फरक एकरभरावर मोठा होतो. ते समजण्यासारखं आहे.

जोडाचा प्रत्यक्ष क्षण म्हणजे या कलेचा गाभा. सकाळी पहिलं काम वेल्डिंगचं नव्हे, चाचणीचं. रोबो म्हणतात ते तीसेक किलोचं चाकांवरचं यंत्र. त्याचं चपटं तोंड दोन चादरींच्या मधे शिरतं, 550 ते 600 अंश सेल्सिअसची हवा फुंकतं आणि मागचं वजनदार चाक मऊ झालेल्या दोन्ही पृष्ठभागांना दाबत जातं. वेग मिनिटाला तीन-चार मीटर. पण हे आकडे रोजचे नसतात. थंडी, ऊन, वारा, चादरीवरचं दव, जनरेटरपासून आलेल्या वायरीची लांबी, सगळ्यांचा परिणाम होतो. वायर फार लांब असली की विजेचा दाब पडतो आणि हवा गार होते. म्हणून चादरीचे दोन तुकडे जोडून बघायचे, गार होऊ द्यायचे, आणि जोडाला आडव्या इंच-इंच रुंदीच्या पट्ट्या कापून पकडीने सोलायच्या. जोड गुळगुळीत सुटला तर तो जोड नव्हेच, नुसती चिकट मिठी होती. खऱ्या जोडात वेल्ड सुटत नाही, चादर फाटते. वरचा पांढरा थर निघून आतली जाळी उघडी पडते. किराणा दुकानाच्या छपरावरच्या टोळीचा मुकादम मेक्सिकोचा, पन्नाशीतला माणूस. तो फाटलेली पट्टी माझ्या हातात देई, मी जाळीचे उघडे धागे बोटाने चाचपून पाही, आणि मग दिवस सुरू होई. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा चाचणी. ढग आले तर पुन्हा.

रोबोचं काम सुरेख असतं, त्यात वाद नाही. सरळ शंभर फूट, मागे जोडाच्या कडेशी अंधूक चकाकीची एकसारखी रेघ. पण रसिकाने डोळा तिथे फार ठेवू नये. यंत्र नीट लावलं तर ते सरळच जाणार. डोळा ठेवावा तो जिथे रोबो पोहोचत नाही तिथे. भिंतीशी, पाइपांशी, कोपऱ्यांत, निचऱ्यात. तिथे हातातली हीट गन आणि सिलिकॉनचा छोटा रोलर एवढंच. डाव्या हातात गन, तिचं तोंड जोडात तिरपं. उजव्या हातात रोलर, गनच्या मागोमाग दाबत येणारा. आधी आतला काठ ठिकठिकाणी वेल्डने टाचायचा, मग मधला पट्टा घट्ट करायचा म्हणजे गरम हवा मागे पळत नाही, मग बाहेरचा काठ. गन अर्धा सेकंद जास्त थांबली तर पांढरं तपकिरी होतं. कमी थांबली तर आत थंड जोड राहतो, जो वरून धडधाकट दिसतो. भाकरी थापणाऱ्या बाईला बोटांखालची जाडी न बघता कळते, तसं चांगल्या वेल्डरला रोलरच्या दांड्यातून चादर किती मऊ झाली आहे ते कळतं. हे पुस्तकातून येत नाही. त्या टोळीत पाइपांची आणि चौथऱ्यांची कामं करणारा एक तरुण होता. तो गनकडे बघतच नसे, त्याची नजर कायम रोलरच्या पुढच्या काठावर.

आता एक जागा जवळून पाहू. दोन चादरींचा जोड जातो आहे, आणि त्याच्यावर आडवी तिसरी चादर येते. तिघींची गाठ पडते त्या बिंदूवर खालच्या चादरीचा काठ एक पायरी करतो, दीड मिलिमीटरची. वरची चादर त्या पायरीवरून उतरताना तिच्या कोपऱ्याशी एक अतिसूक्ष्म पोकळी राहते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण पाण्याला पुरते. केशाकर्षणाने पाणी त्या पोकळीतून आत ओढलं जातं आणि फोममध्ये शिरतं. कुशल वेल्डर इथे रोलरचा काठ आडवा धरून गरम चादर त्या पायरीच्या कोनात दाबून बसवतो, मग त्यावर जाळी नसलेल्या टीपीओची गोल चकती वेल्ड करतो. एकरभर छपरावर अशा गाठी शेकड्यांनी असतात. मी छपरावर चढलो की पहिल्यांदा या चकत्या बघतो. त्यांचा मध्य गाठीवर नेमका आहे का, काठ सगळीकडे सारखा बसला आहे का, वर सुरकुती आहे का. ज्या टोळीच्या चकत्या तालात पडलेल्या दिसतात, तिच्या बाकीच्या कामात मला सहसा दोष सापडत नाही.

दुसरी जागा निचऱ्याची. पाणी सगळं इथेच येणार, तेव्हा ही छपरातली सर्वांत खालची आणि सर्वांत ओली जागा. इथे फोम अजून निमुळता करत नेऊन उथळ वाटीचा आकार देतात. चादर त्या वाटीत उतरवायची, निचऱ्याच्या ओतीव लोखंडी तोंडावर जाडसर मस्तकी लावायची, चादर त्यावर बसवायची आणि वरून लोखंडी कडं बोल्टने आवळायचं. मस्तकी चादरीच्या खाली दबून राहते, कधीच उन्हात येत नाही, आणि म्हणून टिकते. एक नियम मी कधी मोडू दिला नाही: कड्याखालून कोणताही जोड जाता कामा नये. जोडाची दुहेरी जाडी कड्याखाली आली की बाजूला फट राहते. जिथे जोड निचऱ्यात उतरण्याची वेळ येईल तिथे आधीच चादरीचा वेगळा अखंड चौकोन टाकून जोड बाहेर थांबवावा लागतो. हे काम चांगलं झालेलं असेल तर निचऱ्याभोवती बघण्यासारखं काहीच नसतं. पांढऱ्या चादरीचा सौम्य उतार, कड्याचे आवळलेले बोल्ट, वर जाळीदार टोपी, बस्स.

आणि या दोन्ही जागांच्या उलट एक जागा, जी पाहिली की मन खट्टू होतं: सीलंटची नळी रिकामी करून घातलेला लेप. पाइपाभोवती, कोपऱ्यात, जोडाच्या कडेला. सीलंटला छपरावर मोजक्या ठिकाणी मान आहे. चादर कापल्यावर उघड्या पडलेल्या जाळीच्या काठावर बारीक रेघ, भिंतीवरच्या शेवटच्या पट्टीच्या वर एक रेघ. याखेरीज जिथे त्याचा ढीग दिसतो तिथे वेल्ड करण्याची हिंमत किंवा सवड कमी पडली असं समजावं. डांबराच्या छपरावर असले ढीग खपून जायचे, कारण खाली आणखी चार थर होते. इथे खाली फोम आहे आणि फोमखाली दुकान. एका पदराने कारागिराला दिलेली शिस्त हीच, आणि त्यातच मला या छपराचं सौंदर्य दिसतं.

संध्याकाळचं काम फार थोडे लोक पाहतात, मला ते अतिशय प्रिय आहे. दिवसभरात नव्या छपराचा जेवढा भाग झाला त्याचा काठ जुन्या छपराशी बंद करायचा, कारण रात्री पाऊस आला तर पाणी नव्या चादरीखाली शिरून उद्याच्या फोमचं वाटोळं करील. जुन्या छपरावरची खडी झाडून काढायची, पृष्ठभाग कोरडा करायचा, नवी चादर पुढे ओढून जुन्यावर चिकटवायची, वर वजन. अंधार पडत आलेला असतो, सगळे दमलेले असतात, आणि हे काम उद्या सकाळी उचकटून फेकायचंच असतं. तरीही चांगली टोळी ते कायमचं असल्यासारखं करते. वेल्ड झालेला प्रत्येक जोड गार झाल्यावर बोथट हूक काठावरून ओढत तपासायचीही हीच वेळ. हूक कुठे आत शिरला तर तिथे मार्करची खूण, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर ठिगळ. इंच न् इंच. चादरीवर पडलेले स्क्रू, पत्र्याचे तुकडे झाडून गोळा करायचे, कारण बुटाखाली आलेला एक स्क्रू दीड मिलिमीटर सहज भेदतो.

पांढऱ्या रंगाबद्दल थोडं. दुपारी या छपरावर काळा चष्मा लावल्याशिवाय उभं राहवत नाही. नवं पांढरं मेंब्रेन सूर्यप्रकाशाचा सुमारे 80 टक्के भाग परत फेकतं. भर उन्हाळ्यात काळं छप्पर 65 अंशांच्या वर तापतं तेव्हा पांढरं त्याहून 25-30 अंशांनी गार राहू शकतं. शिकागोला हे फार जिव्हारी लागलेलं ज्ञान आहे. जुलै 1995 मधल्या उष्णतेच्या लाटेत तिथे 700 हून अधिक माणसं गेली. नंतरच्या अभ्यासात जे धोके पुढे आले त्यात इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणं हा एक होता, म्हणजे तापलेल्या छपराखाली. पुढे शहराच्या ऊर्जाविषयक नियमांत परावर्तक छपरं आली. उत्तरेकडच्या लांब हिवाळ्यात पांढरं छप्पर थोडी ऊब गमावतं आणि खालून वाफ धरून ओलं होण्याचा धोका वाढतो, हा आक्षेप मला मान्य आहे. त्याचं उत्तर बोर्डांचे सांधे नीट बसवण्यात आणि खाली हवा अडवण्यात आहे. काळं ईपीडीएम थंड प्रदेशात अजून फार चांगलं चालतं, आणि जुन्या काळ्या छपराची मॅट, किंचित धुरकट झालेली कांती मला पांढऱ्याइतकीच भावते. रबर थंडीतही लवचीक राहतं. पण त्याचे जोड चिकटपट्टीचे, आणि वेल्ड झालेल्या जोडाची खात्री पट्टीला येत नाही.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल. आपली गच्ची काँक्रीटच्या स्लॅबची, वर ब्रिकबॅट कोबा, कठड्याशी गवंड्याने थापीने काढलेला वाटा, त्यावर चायना मोझॅक. जड, पण स्लॅबला ते पेलतं, आणि वाट्याची गोलाई जमलेला गवंडी हा आपल्याकडचा मोठा कलावंत होता असं मी मानतो. वाटा आणि टीपीओचा वेल्ड केलेला कोपरा एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत: आडवं उभ्याला मिळतं तिथे पाणी कसं थांबवायचं. चाकण-भिवंडीच्या शेडांना मात्र कोबा पेलणार नाही. तिथे उतरता पत्रा आहे, त्याचे स्क्रू आणि सांधे पावसाळ्यात गळतात, आणि जूनच्या तोंडावर ताडपत्री निघते. आता भारतातही काही मोठ्या व्यापारी आणि औद्योगिक इमारतींवर टीपीओ आणि पीव्हीसीची मेंब्रेन बसू लागली आहेत. 2007 च्या आपल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेनेही कमी उताराच्या छपरांसाठी 0.70 परावर्तनाची अपेक्षा ठेवली होती. चादर आयात होईल, यंत्र सार्नेनहून येईल. पण आपल्या हवेत वेल्डिंगला दोन शत्रू खास आहेत: मे महिन्यातली धूळ आणि वरखाली होणारी वीज. धुळकट चादर पुसल्याशिवाय जोडली की सकाळची चाचणी चांगली येते आणि दुपारचे जोड सुटतात. जनरेटर स्वतंत्र हवा, वायर आखूड हवी, आणि ओली चादर वेल्ड करायची नाही, मग कंत्राटदार पावसाच्या आधी संपवायची कितीही घाई करो.

असं काम करून घेणाऱ्या कोणाही इंजिनिअरला मी एक गोष्ट आग्रहाने सांगेन. रोज सकाळी सोललेल्या पट्ट्या फेकू देऊ नका. प्रत्येकीवर मार्करने तारीख, वेळ, यंत्राचं तापमान, वेग आणि वेल्ड करणाऱ्याचं नाव लिहा आणि साइट ऑफिसमध्ये खोक्यात ठेवा. काम संपल्यावर ते खोकं इमारतीच्या नकाशांबरोबर मालकाच्या ताब्यात द्या, आणि देण्याआधी एकदा त्या पट्ट्या ओळीने मांडून उघड्या पडलेल्या जाळीकडे नीट पाहा.